गाढ झोप नव्हे, गुंगी

एके काळी कामावर जाणारी आई तान्ह्या मुलास अफूची बाळगोळी देऊन निजवीत असे. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये ही चाल सर्रास होती. मूल रडत नाही, शांत निजते, एवढेच आईला दिसे. त्याचा श्वास मंदावत आहे, हे तिच्या ध्यानी येत नसे. बाळगोळी मागे पडली, परंतु तोच भ्रम आज निराळ्या रूपाने किशोरवयीन मुलांच्या जिवावर बेतत आहे.

अफूतील मॉर्फीन व कोडीन, मॉर्फीनपासून बनविलेले हेरॉइन, तसेच कारखान्यात तयार होणारी ट्रॅमाडॉल व फेंटानिल ही सर्व एकाच कुळातील द्रव्ये होत. यांतील काही डॉक्टरांच्या हाती वेदना शमविणारी मोलाची औषधे आहेत; कोडीन तर खोकल्याच्या काही औषधांतही असते. परंतु मेंदूचा जो भाग श्वासोच्छ्वासाचे नियमन करतो, त्यास ही द्रव्ये मंद करतात. मात्रा अधिक झाली, किंवा जोडीला दारू अथवा झोपेच्या गोळ्या घेतल्या, तर श्वास थांबू शकतो. काही काळ व्यसन सोडलेल्या मुलास पूर्वीचीच मात्रा प्राणघातक ठरते, कारण मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते.

हा प्रश्न आपल्या मुलांचा नव्हे, असे मानणे चूक आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार देशातील १० ते १७ वर्षे वयाची सुमारे ४० लक्ष मुले या वर्गातील द्रव्यांचे सेवन करीत होती. औषधाची बाटली किंवा गोळ्यांचे पाकीट दप्तरात दिसले, तरी दारूच्या बाटलीसारखा संशय येत नाही.

अमेरिकेत या संकटाने फार उग्र रूप धारण केले. तेथील अनेक राज्यांत जुलै २०१९ ते डिसेंबर २०२१ या काळात अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने दगावलेल्या १० ते १९ वर्षांच्या मुलांची माहिती तपासण्यात आली. सुमारे दोन तृतीयांश प्रसंगी जवळपास दुसरे कोणीतरी होते. तरीही बहुतेक वेळा मदतीची कोणतीही कृती झाली नाही. धोका ओळखता न येणे आणि बोभाट्याचे भय, या दोन गोष्टी अशा वेळी घात करतात. दोन्हींवर उपाय करणे शाळेच्या हाती आहे.

धोक्याची चिन्हे अशी : हाक मारली, छातीच्या हाडावर मुठीने जोराने चोळले, तरी मुलगा जागा होत नाही, श्वास अतिशय मंद असतो किंवा घशातून घरघर ऐकू येते, ओठ व नखे निळसर पडतात, डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. अशा वेळी ‘झोपू द्या, उतरेल’ असे कदापि म्हणू नये. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास चालू असल्यास मुलास कुशीवर वळवावे. श्वास बंद पडल्यास शिक्षण घेतलेल्या व्यक्तीने कृत्रिम श्वास द्यावा. ताक, लिंबूपाणी पाजू नये, वांती करवू नये. घेतलेल्या औषधाचे पाकीट डॉक्टरांना दाखवावे. नॅलोक्सोन नावाचे औषध वेळेवर मिळाल्यास श्वास पुन्हा सुरू होऊ शकतो; मात्र त्याचा परिणाम लवकर ओसरत असल्याने रुग्णास दवाखान्यात देखरेखीखाली ठेवावे लागते.

परंतु खरे काम या प्रसंगापूर्वीचे आहे. पालकसभेत शिक्षकाने सांगावे, की उरलेली औषधे उघड्या फळीवर ठेवू नयेत, एकाचे औषध दुसऱ्यास देऊ नये, आणि मुलाने चूक कबूल केल्यास प्रथम ऐकून घ्यावे, मग रागवावे. परिपाठाच्या वेळी मुलांना शिकवावे, की मित्राची चहाडी करणे निराळे आणि मित्राचा जीव वाचविणे निराळे. वर्गात पेंगणारा, सोबत्यांपासून तुटलेला, घरातील पैसे उचलणारा मुलगा व्यसनीच असेल असे नाही. तरी त्यास एकांतात, मायेने विचारावे. त्याचे नाव वर्गात काढू नये, दाखला हाती देऊन मोकळे होऊ नये. शाळा सुटली म्हणजे त्याच्यावर लक्ष ठेवणारे शेवटचे माणूसही सुटते.

उपचारासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र व जिल्हा रुग्णालय आहे. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ आणि संकटातील बालकांसाठी १०९८ हे विनामूल्य दूरध्वनी आहेत. वैद्यकीय सल्ल्याविना बालकास अमली द्रव्य देणाऱ्यास २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा होऊ शकते. कायद्याचा हा बडगा देणाऱ्यासाठी आहे, हे पालकांना मुद्दाम सांगावे.

सत्राच्या पहिल्या पालकसभेत या विषयास अर्धा तास द्यावा आणि हे क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवावेत. मित्र गुंगीत पडलेला पाहून एखादा मुलगा रात्री अपरात्री निर्भयपणे गुरुजींचे दार ठोठावील, इतका विश्वास ज्या गावात असेल, तेथे ही शिकवण कामी आली असे समजावे.