लेकरू लिहिते कसे होईल?

मंडळी, आपले ताडकळस १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यात होते. कारभार उर्दूत चाले, शाळा थोड्या. कित्येक घरांत मराठी पाटी आलीच नाही. आता लेकरे शाळेत जातात. पण फळ्यावरचे उतरून काढले, म्हणजे लिहिता आले असे नव्हे. मनातले कागदावर उतरले पाहिजे.

यात आपण घरी मदत करू शकतो. सांजच्याला लेकराला विचारावे, "बाळा, आज काय पाहिलंस?" ते सांगेल, "गाय व्याली. वासरू तांबडं हाय." मग म्हणावे, "हेच लिही." दोन ओळी पुष्कळ झाल्या. त्या त्याच्याकडूनच वाचून घ्याव्या. आधी शाबासकी द्यावी, मग एकच चूक दाखवावी. सगळ्या चुका एकदम काढल्या, तर लेकरू लिहायलाच भिते.

एक नियम आपणही ध्यानात ठेवू. मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी किंवा उकार बहुधा दीर्घ असतो. जसे: पाणी, वाटी, गहू, लाडू. 'आणि' हा शब्द मात्र वेगळा.

आम्ही पुष्कळ वर्षे मुले शिकवली. मारून कोणी लिहिते झालेले पाहिले नाही. ऐकणारे माणूस शेजारी बसले, की लेकरू लिहू लागते. तुम्हीही आता शिकताच आहात. आपली पाटी घेऊन त्याच्याशेजारी बसा.