मोबदला, मान आणि प्राध्यापकाचे समाधान

आपल्या आगरदांडा-मुरूड परिसरातील काही मुले-मुली आता पदव्युत्तर शिक्षण घेऊन नेट, सेट परीक्षांची तयारी करतात. प्राध्यापक होण्याची त्यांची इच्छा स्तुत्य आहे. परंतु खाजगी महाविद्यालयातील नोकरीत समाधान कशाने मिळते, याचा विचार त्यांनी आधीच करावयास हवा.

मोबदला दोन प्रकारचा असतो. पगार, वेतनवाढ, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी हा बाह्य मोबदला होय. शिकविण्याचा आनंद व विद्यार्थ्यांची प्रगती हा आंतरिक मोबदला होय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून १९५९ साली असे मांडले की, पगार अपुरा असेल तर असंतोष वाढतो. पण तो पुरेसा झाला म्हणजे समाधान येतेच असे नाही. समाधान यश, मान्यता व जबाबदारी यांतून येते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ साली मुंबईच्या सरकारी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. वेतन दरमहा ४५० रुपये, म्हणजे त्या काळी चांगलेच होते. इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही त्यांची व्याख्याने ऐकावयास येत. तरीही प्राध्यापकांसाठीच्या भांड्यातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पगार होता, विद्यार्थ्यांचे प्रेम होते. बरोबरीचा मान मात्र नाकारला गेला.

आज अनेकांची अडचण उलट आहे. अनुदानित महाविद्यालयातील मंजूर पदाचे वेतन शासन देते. विनाअनुदानित संस्थेत ते मुख्यतः शुल्कातून निघते. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकास घेतलेल्या तासांचेच मानधन मिळते, सुट्टीचे महिने कोरडे जातात. कर्जाचा अर्ज घेऊन असा माणूस बँकेत येतो, तेव्हा पगारपत्रक व नियमित जमा नसल्याने अर्ज अडतो. त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला तर तो आनंदतो. पण शालीने घरभाडे भागत नाही.

म्हणून हक्काचा मोबदला महत्त्वाचा. शिक्षक हे १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातील 'कर्मचारी' नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ठरविले होते. संसदेने २००९ साली कायदा दुरुस्त करून ३ एप्रिल १९९७ पासून शिक्षकांना त्यात घेतले, आणि २०२२ साली न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. मेहेरबानीने मिळालेल्या रकमेपेक्षा हक्काने मिळालेली रक्कम माणसाला ताठ मानेने उभे करते.

तेव्हा नेमणूकपत्र हाती येताच विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात: पद मंजूर आहे काय, पगार दरमहा बँकेत जमा होतो काय आणि निधीची कपात होते काय. संस्थाचालकांनीही ध्यानात ठेवावे की, आधी वेळेवर पगार, मग सत्कार. हा क्रम पाळला तरच हुशार मुले या पेशात टिकतील, आणि त्यांच्या हाताखाली आपली पुढची पिढी शिकेल.