डिलाईल रोडवरील कुत्रा व त्याच्या कुळाची परीक्षा

शेतावर राखणीस कुत्रा पाळावयाचा तर तो कोणत्या जातीचा असावा, हा प्रश्न शेतकऱ्यापुढें वारंवार येतो. ज्यांचे भाऊबंद मुंबईस आहेत त्यांच्या घरीं तर याचें उत्तर पुष्कळदां आयतेंच येऊन पडतें. सुटींत गांवीं येणारा पुतण्या किंवा भाचा टोपलींत एखादें पिलूं घालून आणतो आणि सांगतो कीं, हें साधें नव्हे, अल्सेशियनच्या मिश्रणाचें आहे. पिलूं फुकट आलेलें असेल तर गोष्ट हसण्यावारी नेतां येते. परंतु अशा मिश्रणास लोक आतां पैसे मोजतात, त्याच्या भरंवशावर शेळ्यामेंढ्यांची व खळ्याची राखण सोंपवितात, आणि उलटपक्षीं रक्त 'क्रूर' जातीचें आहे असा नुसता संशय आला तरी निरुपद्रवी जनावर घराबाहेर काढतात. म्हणून मिश्र दिसणाऱ्या कुत्र्याचें कुळ केवळ पाहून सांगतां येतें काय, याचा विचार करणें अगत्याचें आहे.

या विचारास डिलाईल रोडइतकें सोयीचें ठिकाण क्वचित् सांपडेल. ना. म. जोशी मार्ग हें या रस्त्याचें आजचें नांव. परंतु लोकांच्या तोंडीं अद्याप जुनेंच आहे. चिंचपोकळी, करी रोड व लोअर परळ या स्टेशनांच्या टापूंत एके काळीं कापडाच्या गिरण्यांची दाटी होती, आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांचे तरुण तेथें कामास जात. १९२० सालीं निघालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें बांधलेल्या बी. डी. डी. चाळी याच रस्त्यावर आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या व त्यांच्या जागीं उंच इमारती उठल्या. त्यामुळें साखळीस बांधलेलीं परदेशी जातींचीं जनावरें आणि चाळींच्या उष्ट्यावर वाढलेले मोकळे कुत्रे आज एकाच पदपथावर दिसतात.

येथील एका चाळीच्या तोंडाशीं आम्हीं एक कुत्रा पाहिला. रंग तांबूस, तोंड काळसर, कान उभे, शेंपूट वर वळलेलें, डोळ्यांवर दोन पिवळे ठिपके आणि पोट आंत ओढलेलें. तेथें उभ्या असलेल्या चौघांस आम्हीं त्याचें कुळ विचारलें. गिरणींतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गृहस्थांनीं 'अल्सेशियनचा' म्हणून सांगितलें. भाजीवाल्या बाईंनीं 'पामेरियनचा', शाळकरी मुलानें 'डॉबरमनचा', आणि साताऱ्याकडील पहारेकऱ्यानें 'कारवानी रक्ताचा'. प्रत्येकानें एकेका खुणेवर बोट ठेवलें होतें. त्या खुणा एकेक तपासून पाहूं.

अल्सेशियन, ज्यास जर्मन शेफर्ड म्हणतात, ही जात म्हणून बांधली जाऊं लागली ती १८९९ सालीं. उभे कान मात्र लांडग्यासहि आहेत आणि आपल्या रानांतील कोल्ह्यासहि. शिवाय लहान पिलांचे कान प्रथम पडलेले असतात व पुढें ज्यांचे उठावयाचे त्यांचे उठतात. तेव्हां टोपलींतल्या पिलाच्या कानावरून केलेलें भाकीत तर अगदींच निराधार होय. वळलेल्या शेंपटाचें तेंच. आफ्रिकेंतील बसेंजी नांवाच्या कुत्र्याचें शेंपूट पाठीवर घट्ट गुंडाळलेलें असतें, आणि त्याचा पामेरियनशीं कांहीं संबंध नाहीं.

डोळ्यांवरील ठिपक्यांची गोष्ट तर मौजेची आहे. डॉबरमन ही जात जर्मनींत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तयार झाली. परंतु ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत यमाच्या दोन कुत्र्यांस 'चतुरक्ष', म्हणजे चार डोळ्यांचे, असें म्हटलें आहे. आणि पारशी लोकांच्या अंत्यविधींतहि अशाच 'चार डोळ्यांच्या' कुत्र्यास मान आहे. हे जादा दोन डोळे म्हणजे भिंवईवरील ठिपकेच, असा अर्थ सामान्यतः करतात. जी खूण डॉबरमन जन्मण्यापूर्वीं हजारों वर्षें आपल्याकडे होती, ती त्याच्याकडून आली असें कसें म्हणावें?

राहिली कारवानी. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनीं जोपासलेली ही शिकारी जात खरोखरच नांव घेण्यासारखी आहे. २००५ सालीं भारतीय टपालखात्यानें मुधोळ कुत्र्याचें तिकीटहि काढलें. लांब तोंड, खोल छाती व आंत गेलेलें पोट हीं तिचीं लक्षणें होत. परंतु ज्यास चार दिवस पोटभर मिळालेलें नाहीं अशा कोणत्याहि कुत्र्याचें पोट आंत जातें. त्याच जनावरास दोन महिने भाकरी-ताक घालावें, म्हणजे अर्धें कारवानी रक्त आपोआप नाहींसें होतें!

खेड्यांत आणखी एक समजूत आहे, ती वीस नखांच्या कुत्र्याची. सामान्य कुत्र्यास पुढच्या पायांस पांच-पांच व मागच्यांस चार-चार मिळून अठरा नखें असतात. मागील पायांस आंतल्या बाजूनें एकेक जादा नख असलें कीं तो शूर, असें मानतात. हें जादा नख अनेक देशांच्या कुत्र्यांत आनुवंशिक कारणानें येतें. शौर्याशीं त्याचा संबंध नाहीं. मुंबईंतील कुत्र्याच्या कानावरून मात्र एक गोष्ट खात्रीनें कळते. कानाचा शेंडा नीट कातरलेला किंवा खांच पाडलेला असेल तर त्याची निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया झालेली आहे. ही जातीची खूणहि नव्हे व भांडणांतील जखमहि नव्हे.

बाह्य खुणा फसव्या कां ठराव्या, हें आनुवंशिकतेच्या नियमांवरून समजतें. कुत्र्याच्या शरीरांत हजारों जनुक असतात. पण आपली नजर ज्यावर खिळते तें थोड्याशा जनुकांचें काम असतें. २००९ सालच्या एका संशोधनांत असें दिसलें कीं, जातिवंत कुत्र्यांच्या केंसांत जो लांब, आंखूड, कुरळा, राठ असा भेद दिसतो, त्यांतील बहुतेक केवळ तीन जनुकांनीं घडतो. त्यांतहि आंखूड केंस हे लांब केंसांवर प्रभावी आहेत. म्हणून शुद्ध पामेरियन नर व आंखूड केंसांच्या वंशाची गांवठी मादी यांचीं पिलें आंखूड केंसांचींच निपजतात, आणि अर्धें रक्त असूनहि तें कोणास दिसत नाहीं. उलट दोन आंखूड केंसांच्या कुत्र्यांच्या पोटीं, दोघांतहि तो गुण सुप्त असल्यास, एखादें झुपकेदार पिलूं येतें व शेजारी त्याचा नसलेला बाप शोधूं लागतात.

अमेरिकेंत स्कॉट व फुलर या शास्त्रज्ञांनीं बसेंजी व कॉकर स्पॅनियल यांचा संकर करून पाहिला. त्यांचा ग्रंथ १९६५ सालीं निघाला. एकाचे कान उभे, दुसऱ्याचे लांब लोंबते; तरी दुसऱ्या पिढींत रंगरूपाचे इतके नाना प्रकार निघाले कीं, आजा-आजी कोण हें त्यांवरून ओळखणें कठीण व्हावें. शिवाय दर पिढीस रक्ताचा वांटा निम्मा होतो. आज्याचा चौथा हिस्सा, पणज्याचा आठवा, त्याच्या बापाचा सोळावा. त्यांत मादी एकाच माजांत अनेक नरांपासून फळूं शकते; तेव्हां एका वितांतील चार पिलांचे बाप दोन किंवा तीन असणें शक्य आहे. 'एक भाऊ अल्सेशियनसारखा निघाला, म्हणून हाहि तोच' हा तर्क येथें टिकत नाहीं.

जाणत्या लोकांचा अंदाज तरी बरोबर येतो काय? कॅलिफोर्नियांत २००९ सालीं २० मिश्र कुत्र्यांची डीएनए-परीक्षा करण्यांत आली. संस्थांनीं ज्यांस ठराविक जाती लावल्या होत्या, त्यांपैकीं अवघ्या २५ टक्के कुत्र्यांत लावलेल्या जातींतील निदान एक तरी प्रमुख म्हणून आढळली. पुढें २०१३ सालीं त्याच कुत्र्यांचीं चित्रें कुत्र्यांशीं नित्य संबंध येणाऱ्या ९०० हून अधिक लोकांस दाखविलीं. २० पैकीं १४ कुत्र्यांच्या बाबतींत निम्म्याहून कमी लोकांचा अंदाज परीक्षेशीं जुळला.

आपल्या देशापुरती याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. २०१५ सालीं ३८ देशांतील ५४९ गांवकुत्र्यांच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दक्षिण अमेरिकेकडील कित्येक गांवकुत्रे जवळजवळ सर्वस्वीं युरोपीय वंशाचे निघाले. परंतु भारत, व्हिएतनाम व ईजिप्त येथील गांवकुत्र्यांत युरोपीय मिश्रण अत्यल्प आढळलें. म्हणजे आपला गांवठी कुत्रा पुष्कळ जातींची खिचडी नसून स्वतःच एक जुना वंश आहे. शहरांत एखाद्या पिलांत परदेशी रक्त येत असेल, नाहीं असें नाहीं. तरी डिलाईल रोडवरील तांबूस कुत्र्याकडे पाहून 'हा कशाकशाचा मिश्र?' असें विचारण्याआधीं 'हा मुळांत मिश्र आहे काय?' असें विचारलें पाहिजे.

बागाइतदारास हें लवकर पटेल. हापूसची कोय पेरून हापूसच येईल असें कोणी मानीत नाहीं. म्हणून कलम बांधतात. कुत्र्याची जात ही माणसानें निवडून राखलेल्या कलमासारखी आहे. मोकळा कुत्रा हा रायवळ आंब्यासारखा. रायवळ झाड हापूस, पायरी व तोतापुरी यांच्या मिश्रणानें झालें असें आपण म्हणत नाहीं. कलमें मागाहूनचीं, रायवळ आधींचा. रायवळाची परीक्षा फळ चाखूनच होते.

स्वभावाविषयीं हीच सावधगिरी हवी. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या व १८,००० हून अधिक कुत्र्यांची माहिती घेतलेल्या संशोधनांत असें निघालें कीं, निरनिराळ्या कुत्र्यांच्या वागणुकींत जो फरक दिसतो त्यांतील सुमारें ९ टक्केच जातीवरून उलगडतो. तरी २०२४ सालच्या मार्चांत केंद्रसरकारनें २३ जाती व त्यांचे संकर पाळण्यास परवाने देऊं नयेत असें परिपत्रक काढलें. कर्नाटक उच्च न्यायालयानें तें त्याच वर्षीं एप्रिलांत रद्द ठरविलें. धोकेदायक जनावरापासून लोकांचें रक्षण झालेंच पाहिजे, याविषयीं दुमत नाहीं. परंतु 'संकर' कोणता हें जर डोळ्यांनीं ठरावयाचें, तर शिक्षा चुकीच्या कुत्र्यास होईल आणि खरा चावरा मोकळा राहील.

गालाच्या आंतून कापसानें लाळ घेऊन कुळ तपासण्याची सोय आतां झाली आहे. पण तींत नमुना ज्या संग्रहाशीं ताडतात त्यांत आपल्याकडील गांवकुत्रे नसतील, तर जवळांत जवळची परदेशी जात उत्तरांत येते. तेव्हां खर्च करण्यापूर्वीं तेवढें विचारून घ्यावें.

शेतकऱ्यानें मग काय करावें? 'खाण तशी माती' ही म्हण खरी आहे. पण त्यासाठीं खाण पाहिली पाहिजे. शक्य तर पिलाची आई पहावी. ती अनोळखी माणसाशीं, मुलांशीं व गुरांशीं कशी वागते तें पहावें. पिलूं सात-आठ आठवड्यांचें होण्यापूर्वीं आईपासून तोडूं नये. लवकर माणसांत, शेळ्यांत व वासरांत वागवावें. राखणीचा कुत्रा बव्हंशीं याच दिवसांत घडतो. जंतांचें औषध द्यावें, तिसऱ्या महिन्यांत पिसाळण्याविरुद्धची लस टोंचावी व ती पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें दरसाल पुन्हां द्यावी. कुत्रा चावलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून तत्काळ दवाखाना गांठावा. तेथें चावणाऱ्याची जात उपयोगी पडत नाहीं. आणि मुंबईहून 'अल्सेशियनच्या मिश्रणाचें' म्हणून पिलूं आलें, तर तें आनंदानें ठेवून घ्यावें. मात्र त्या नांवासाठीं जादा एक रुपयाहि देऊं नये.