शाळेच्या संगणकासाठी स्पीकरची निवड

संगणकावरून पाठ किंवा कविता ऐकवावयाची, तर ती शेवटच्या बाकावरील मुलासही स्पष्ट ऐकू आली पाहिजे. पनवेलकडील आगरी बोलीत ‘ण’चा ‘न’ व ‘ळ’चा ‘ल’ होतो. ती बोली घरी बोलणाऱ्या मुलांस प्रमाणभाषेतील हा भेद प्रथम कानांनीच कळावयाचा असतो. सबब स्पीकर घेताना गाण्याच्या गडगडाटापेक्षा अक्षरांच्या स्पष्टतेकडे पाहावे.

दोन स्पीकर व एक सबवूफर अशा संचास बाजारात ‘२.१’ म्हणतात. सबवूफर साधारणतः २०० हर्ट्झच्या खालचे, डग्ग्याच्या घुमाऱ्यासारखे खर्जातील नाद देतो. व्यंजनांची ओळख मात्र मुख्यतः १,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात पटते. ‘स’ तर त्याही वर जातो. खर्ज फाजील वाढविला की हे नाजूक नाद त्याखाली दबतात. म्हणून पैसे बेताचेच असतील, तर ते दोन चांगल्या स्पीकरांवरच खर्चावेत. सबवूफर स्नेहसंमेलनाच्या हौसेपुरता ठीक.

खोक्यावरील ‘पीएमपीओ’चे मोठमोठे आकडे निव्वळ दिखाऊ असतात, ‘आरएमएस’ वॅट पाहावेत. संगणकाच्या जुन्या यूएसबी जोडणीतून ५ व्होल्ट व अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅटच शक्ती मिळते. तेवढी टेबलापाशी पुरे, वर्गात अपुरी. त्यातून कोकणचा पाऊस पत्र्यावर कोसळू लागला म्हणजे विचारावयासच नको!

खरेदीपूर्वी ‘काळ’ व ‘काल’, ‘मण’ व ‘मन’ हे शब्द ध्वनिमुद्रित करून न्यावेत आणि दुकानात वीस फुटांवरून, पाठ फिरवून ऐकावेत. ओळखता आले नाहीत, तर दुसरा संच मागावा.