काळ्या पडद्यावरचे रंग

सकाळी ७ : तळेगाव (श्यामजी पंत)चं एसटी आगार केव्हाच जागं झालेलं असतं. नागपूर-अमरावती महामार्गावरचे ट्रक तर रात्रभर थांबत नाहीत. चहा घेऊन लॅपटॉप उघडतो. कंपनी पुण्याची, घर आष्टी तालुक्यात. रात्रभर सर्व्हरवर काय झालं, त्याचा लॉग आधी पाहायचा. सगळ्या ओळी पांढऱ्या. बिघाडाची ओळ शोधता शोधता डोळे शिणतात. म्हणून आजचं काम ठरलं : चूक लाल, इशारा पिवळा, ठीक ते हिरवं.

९ : रंगासाठी पायथनमध्ये वेगळं काही बसवावं लागत नाही. मजकुराआधी एस्केप हे न दिसणारं अक्षर (क्रमांक २७), मग चौकटी कंस, ३१ आणि एम छापलं, की पुढचं सगळं लाल. ३२ हिरवा, ३३ पिवळा. शेवटी तसंच शून्य-एम छापून रंग उतरवायचा. नाहीतर पुढच्या ओळीही लाल होतात. हे संकेत १९७८च्या व्हीटी-१०० टर्मिनलमुळे रूढ झाले. त्या टर्मिनलवर रंग मात्र नव्हते!

११ : रंग आले आणि लॉगचा तक्ता वाकडा झाला. लाल रंग लावण्या-उतरवण्याची न दिसणारी ९ अक्षरं पायथन लांबीत मोजतो. उपाय सोपा : आधी जागा भरून घ्यायची, मग रंग चढवायचा. देवनागरीचं दुखणं निराळं. ‘संत्रा’ दिसायला दोन अक्षरं, पायथनच्या हिशेबी ६. तिथं रुंदी वेगळी काढावी लागते.

दुपारी १ : लाइन गेली. जेवण उरकलं.

३ : लॉग फाइलमध्ये वळवला, तर कंस आणि आकड्यांचा कचरा. आउटपुट पडद्यावर जातंय की फाइलमध्ये, हे ‘इजएटीटीवाय’ या फंक्शनला विचारायचं आणि पडदा असेल तरच रंग द्यायचा. ज्याला रंग नकोतच, त्याच्यासाठी ‘नो कलर’ हा सर्वमान्य बंद-स्विचही जोडला.

सायंकाळी ६ : शेजारचा कॉलेजातला पोरगा आला. “दादा, माह्या लॅपटॉपवर रंग काऊन नाही येत? नुसते आकडेच दिसून राह्यले.”

“विंडोजची जुनी खिडकी हाय ना तुही? तिले हे संकेत समजतात, पण आधी चालू करा लागतात. कलरामा लायब्ररी टाक, मंग पाह्य.”

दोन ओळी वाढवल्या आणि त्याचं नाव हिरवं उमटलं.

रात्री ९ : पाठवण्याआधी रंग बंद करून लॉग पुन्हा वाचला. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे बरेच असतात, पुरुषांमध्ये जास्त. म्हणून प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘चूक’, ‘इशारा’, ‘ठीक’ असे शब्दही घातले. तुम्हीही रंग जरूर वापरा. पण रंग काढल्यावर अर्थ कळत नसेल, तर तो प्रोग्राम अजून पुरा झालेला नाही.