पट्टीवरची खूण

सकाळी साडेसहा. गॅरेजचं शटर वर ढकलताना लोखंडाचा गारवा तळहातात शिरतो. डिसेंबरात बाभुळगावची पहाट अंगात स्वेटर असल्याशिवाय सोसत नाही. रस्त्यावरून कापसाच्या पहिल्या गाड्या जाऊ लागल्यात. शाळेतल्या सरांना मी काल रात्रीच गाडी आणून ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे रात्रभर सपाट जागी उभी राहून सगळं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं आणि पातळी खरी दिसते.

ऑइलची पट्टी ओढली, फडक्याने पुसली, परत घातली, पुन्हा ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही अर्धा बोट वर. जुलैत मीच भरलं होतं, अगदी खुणेला टेकवून. पट्टी नाकाशी नेली, तर पेट्रोलचा स्पष्ट वास.

गाळण कागदाचा तुकडा खोक्याच्या तोंडावर ठेवतो, म्हणजे मधला भाग कशाला टेकत नाही. त्यावर एक थेंब या ऑइलचा, शेजारी दुसरा थेंब डब्यातल्या नव्याचा. दोन्ही पसरायला वेळ लागतो. खोकं फळीवर, धूळ लागणार नाही असं.

साडेआठ. सर आले. पट्टी दाखवली तर चेहरा खुलला.

"म्हणजे गाडी ऑइल खात नाही ना भाऊ? उलट वाढलंच दिसते."

"सर, ऑइल कधी वाढत नसते. दूध वाढलं की पाणीच घातलं असते ना कोणी."

मग बॉनेटवर हात ठेवून सगळं सांगावं लागलं, आणि मला ते सांगायला आवडतं. सरांची गाडी एक लिटरची, तीन सिलिंडरची, टर्बो. जुन्या गाड्यांत पेट्रोल बाहेरच्या नळीत फवारलं जायचं आणि हवेबरोबर आत यायचं. यात इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये मारतो. इंजिन थंड असेल तर त्या फवाऱ्याची पुरती वाफ होत नाही, काही थेंब भिंतीला चिकटतात आणि पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरतात. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते, म्हणून थंडीत गाडी चालू करताना इंजिनाला इंधनही जास्त द्यावं लागतं. इंजिन तापलं की उतरलेल्या पेट्रोलचा बराचसा भाग उडून जातो. पण ऑइल तापायला तर हवं!

"घर ते शाळा किती?"

"दोन किलोमीटर. दुपारी जेवाले येतो, म्हणजे चार खेपा."

गाडी दिवसाला आठ किलोमीटर चालते, पण चार वेळा थंड अवस्थेत. पाच महिन्यांत दीड हजार किलोमीटरही झाले नव्हते, म्हणून सर निश्चिंत होते. गाडीच्या पुस्तकात दहा हजार किंवा एक वर्ष लिहिलंय, हे त्यांनी वाचलं होतं. त्याच पुस्तकात पुढे, कोणी उघडत नाही त्या पानावर, छोट्या खेपा, धूळ आणि खडतर वापर असेल तर मुदत कमी करा असंही लिहिलंय. मी ते पान काढून बोटाने दाखवलं.

दहा वाजता ड्रेन नट खोलला. माझं भांडं मापाचं आहे, त्यावर मी स्वतः खुणा केल्यात. जुलैत फिल्टरसह ३.६ लिटर घातलं होतं. गाडी अर्धा तास तशीच निथळत ठेवली, फिल्टरमधलंही उतरवलं. भांड्यात ३.८ च्या थोडं वर. म्हणजे निदान दोनशे मिली पेट्रोल, पाच टक्क्यांच्या वर. इंजिनाने जे थोडं ऑइल जाळलं असेल, तेवढं पेट्रोल आणखी. हाताखालच्या पोट्ट्याने बोट बुडवून चिमटीत चोळलं. "दादा, हे तं पाण्यासारखं लागून राह्यलं." त्याला मी हेच शिकवतो. रंगावरून ऑइल ओळखू नकोस, चिमटीत धर.

हे पातळ होणं आकड्यांत मांडलं की सरांसारख्या माणसाला लगेच उमगतं. १०० अंशांवर ३० नंबरचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकमध्ये असावं लागतं, २० नंबरचं ६.९ ते ९.३. पाच-सहा टक्के पेट्रोल मिसळलं की ३० चं सहज २० होतं. मग २० नंबरचंच भरलं असेल तर त्याचं काय होत असेल? टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, तोही ऑइलच्या केसाहून पातळ थरावर तरंगत. तो थर फाटला की लोखंडावर लोखंड.

अकरा. आता भरायचं काय? शेजारी बसलेले एक काका ट्रॅक्टरवाले. त्यांनी सल्ला दिला, "जाडं टाक ना, ट्रॅक्टरचं. काहून एवढं डोकं लावतं?" जाडं हवं, हे काकांचं अर्धं बरोबर आहे. पण ट्रॅक्टरचं ऑइल या इंजिनात घालणं हा गुन्हा आहे असं मी मानतो. गार सकाळी ते टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, आणि पहिले काही सेकंद टर्बो कोरडा फिरतो. दुसरं, या छोट्या टर्बो इंजिनांना स्वतःचा एक आजार आहे. कमी फेऱ्यांवर जोर दिला की रिंगांजवळ साचलेला ऑइल-पेट्रोलचा थेंब ठिणगीच्या आधीच पेटतो आणि पिस्टनवर हातोडा बसतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या प्रमाणाचा त्याच्याशी संबंध आहे. मे २०२० पासून डब्यांवर एपीआय एसपी हा दर्जा येतो, तो हा आजार आवरण्याची परीक्षा पास झालेल्या ऑइललाच मिळतो.

सरांच्या पुस्तकात दोन नंबर चालतात, ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-३०. मी दुसरा घेतला. त्यातही डब्यामागचं बारीक अक्षर वाचून घेतला. १५० अंशांवर, ताणाखाली ऑइल किती टिकतं याचा एक आकडा असतो. २० नंबरला तो किमान २.६ लागतो, साध्या ३० ला २.९, आणि ज्यावर एसीईए सी-३ लिहिलंय त्याला ३.५. पेट्रोल मिसळणारच आहे, तर उतरायला आधी उंची हवी. पुस्तकाच्या बाहेर जायचं नाही, पण पुस्तकाच्या आत सगळ्यात मजबूत असेल ते घ्यायचं. एवढाच माझा नियम. रिकाम्या डब्याला लगेच पान्याने भोक पाडतो, नाहीतर तोच डबा कुठेतरी नकली ऑइल भरून परत विकायला उभा राहतो.

साडेबारा. डिझेल गाडी. मालक कापसाच्या हंगामात दिवसभर गावातल्या गावात फिरतात. इथेही पट्टीवर पातळी चढलेली, पण हे प्रकरण वेगळं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो, त्यासाठी इंजिन उशिराने जादा डिझेल फवारतं. मालक नेमके त्याच वेळी चावी बंद करतात. काजळी जळणं अर्धवट राहतं, डिझेल खाली उतरतं. पेट्रोल निदान उडून तरी जातं. डिझेल उकळायलाच १८० अंशांच्या पुढे लागतात, ते तापलेल्या ऑइलमधूनही जात नाही. ते काढूनच टाकावं लागतं.

"फिल्टरचा दिवा लागला की गाडी बंद नका करू. धामणगावकडे वीस मिनिटं सरळ चालवा."

"काम सोडून धामणगावले जाऊ काय बाप्पा?"

"काम सोडून गॅरेजात तं येऊनच राह्यले ना."

यांनाही सी-३ च, कारण त्यात राख कमी असते. काजळी जळते, राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची बसते.

दोन वाजता डबा उघडला. भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी. शेतात तूर शेंगांवर आली की हे महिनाभर चालतं.

तीन. मुंबईला जाणारी एक गाडी, समृद्धी महामार्गावर चढण्याआधी तपासायला आलेली. तीच कंपनी, तेच इंजिन, सरांच्या गाडीसारखंच. पट्टीवर पातळी खुणेच्या किंचित खाली, वास नाही, चिमटीत बुळबुळीत. तासन् तास १२० च्या वेगाने चालणाऱ्या ऑइलमध्ये पेट्रोल टिकत नाही. यांना मुदत कमी करायची गरज नव्हती, तसं सांगितलं आणि पैसे घेतले नाहीत.

साडेचार. एका शेतकरी दादाला जळकं ऑइल हवं होतं, कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून. पूर्वी देत होतो, आता देत नाही. पावसाळ्यात ते खांबावरून मातीत आणि मातीतून विहिरीत जातं. दादा नाराज होऊन गेले, मलाही वाईट वाटलं. पिंप भरलं की अधिकृत उचलणाऱ्याकडे जातं.

साडेपाच. सर शाळेतून आले. मी खोकं फळीवरून उतरवलं. नव्या ऑइलचा डाग एकसारखा, मधाच्या रंगाचा. जुन्याचा मधे काळपट, आणि त्याच्या बाहेर दूरवर पसरलेलं फिकट कडं. ते कडं इंधनाचं. सरांनी कागद उजेडात धरला, बराच वेळ.

"गाडीत बसा सर, एक चक्कर मारू." स्कॅनर लावून यवतमाळच्या रस्त्याला लागलो. सरांच्या मांडीवर पडदा, त्यावर दोन आकडे, वर पाण्याचा, खाली ऑइलचा. शाळेचं फाटक आलं तेव्हा सरांनीच वाचलं, "पाणी ६१, ऑइल ४३." माझ्याकडे पाहिलं, बोलले नाहीत. पुढे दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, उतरतं ऊन. पाणी ९० ला पोचून थांबलं, ऑइल तेव्हा सत्तरीत. मग पंचाहत्तर, ऐंशी.

"दर रविवारी यवतमाळले जाऊन यायचं, तासभर," मी म्हटलं. "आणि ऑइल पाच महिन्यांनी, किलोमीटर कितीही झाले असो. शाळेत तं सर, सायकलनंच जा."

"सायकल आहे घरी," सर म्हणाले. आकडा ८८ झाला होता. मी गाडी वळवायला वेग कमी केला.

"नका वळवू," ते म्हणाले, नजर पडद्यावरच. "नव्वद होऊ द्या."