वरचीच खोली का तापते? घरातल्या हवेच्या वाटेविषयी

अमेरिकेत राहणाऱ्या श्रोत्यांकडून हा प्रश्न आमच्याकडे वरचेवर येतो. खाली दिवाणखान्यात शाल घ्यावी लागते आणि वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत रात्री झोप लागत नाही. हिवाळ्यात तीच खोली गारठते. भारतातून आई-वडील सहा महिने राहायला आलेले असतात, आणि नेमकी तीच खोली त्यांना दिलेली असते. मग एसीवाला येतो, मान हलवतो, सांगतो : यंत्र लहान पडतंय, मोठं बसवा. काही हजार डॉलरचा प्रश्न असतो हा. म्हणून सही करण्याआधी काय तपासायचं, ते आज बघू.

पुण्या-मुंबईत प्रत्येक खोलीचा एसी वेगळा. तिथल्या बहुतेक घरांत मात्र बेसमेंटमध्ये किंवा ॲटिकमध्ये एकच पंखा असतो, आणि तो पत्र्याच्या नाहीतर लवचीक नळ्यांतून, म्हणजे डक्टमधून, सगळ्या खोल्यांना हवा पुरवतो. एसीच्या एका टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा लागते. म्हणजे तीन टनांचं यंत्र असेल तर १,२०० घनफूट. आता लक्षात घ्या, पंखा जेवढी हवा ढकलतो तेवढीच त्याला परत ओढावी लागते. पुरवठ्याच्या नळीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. परतीच्या वाटेचा विचार कुणी करत नाही, आणि आमच्या मते निम्मं दुखणं तिथेच असतं.

आधी मोजा. साधे दोन-तीन थर्मामीटर आणा, वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा आणि दुपारी चारला एकदम वाचा. दोन-तीन अंश फॅरनहाइटचा फरक सोडून द्या. गरम हवा वर चढते, डोक्यावर छप्पर तापलेलं असतं, तेवढं चालायचंच. सहा-सात अंश दिसले तर पुढे जा. फिल्टर काढून बघा. तो धुळीनं गच्च भरला असेल तर सगळ्यात आधी लांबच्या खोलीची हवा तुटते. कधीकधी शोध इथेच संपतो.

संपला नाही, तर दाराची परीक्षा. बऱ्याच घरांत झोपायच्या खोलीत हवा आत सोडणारी जाळी असते, पण परत नेणारी जाळी फक्त बाहेरच्या पॅसेजमध्ये असते. दार लावलं की आलेल्या हवेला जायला वाट उरते ती दाराखालच्या फटीची. खोलीत दाब वाढतो आणि नवी हवा आत यायला कुरकुरते. एक रात्र दार लावून झोपा, दुसऱ्या रात्री उघडं ठेवून. फरक पडला तर यंत्राला दोष देऊ नका. पंखा चालू असताना बंद दाराच्या फटीशी उदबत्ती धरली तरी कळतं. धूर जोरात बाहेर ओढला जातो. (एकच काडी लावा हं, नाहीतर स्मोक अलार्म कोकलेल.) उपाय सोपा आहे : दार खालून थोडं कापायचं, किंवा दारावरच्या भिंतीत जाळी बसवायची.

आता ॲटिक. उन्हाळ्यात तिथे १३० अंशांपर्यंत ताप असतो आणि त्यातून ५५ अंशांची हवा वाहते. लवचीक नळी कुठे दुमडली आहे का, झोळीसारखी लोंबते आहे का, सांध्यातून निसटली आहे का, ते बघा. सरकारी एनर्जी स्टार कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे साधारण घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा गळती आणि ढिल्या सांध्यांपायी वाया जाते. सांधे मॅस्टिकच्या लेपानं किंवा ॲल्युमिनियमच्या फॉइल टेपनं बंद करा. गंमत म्हणजे 'डक्ट टेप' नावाची कापडी टेप डक्टला चालत नाही. १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेनं तापवून-थंड करून चाचण्या घेतल्या, त्यात नापास झाली ती हीच. मात्र घर १९८०च्या आधीचं असेल आणि सांध्यांवर पांढरट कागदी पट्टी दिसली, तर तिला हात लावू नका. ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. आधी तपासून घ्या.

मघाशी एका ताईंनी विचारलं, खालच्या सगळ्या जाळ्या बंद केल्या तर वर जास्त हवा जाणार नाही का? थोडी जाईल, पण डक्टमधला दाब वाढेल, गळती वाढेल, आणि उन्हाळ्यात आतल्या कॉइलवर बर्फ साचायची भीती. त्यापेक्षा बेसमेंटमध्ये मुख्य नळीतून फाटे फुटतात तिथे छोटा दांडा शोधा. तो डॅम्पर. दांडा नळीच्या दिशेनं असेल तर उघडा, आडवा असेल तर बंद. उन्हाळ्यात खालच्या मजल्याचे एक-दोन डॅम्पर जरासे आवळा, हिवाळ्यात सैल करा. कुठे काय केलं ते पेनानं तिथेच लिहून ठेवा, पुढच्या वर्षी आठवत नाही.

एक गोष्ट गंभीर आहे. परतीच्या डक्टची गळती गॅसच्या वॉटर हीटरजवळ असेल, तर पंखा तिथली हवा ओढतो आणि धुराड्यातून वर जायचा धूर उलटा घरात येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, आणि त्याला वास नसतो. झोपायच्या खोल्यांजवळ आणि प्रत्येक मजल्यावर त्याचा अलार्म हवाच. हा सांधा स्वतः दुरुस्त करू नका, जाणकाराला बोलवा.

आणि एसीवाला परत आला, तर त्याला दोन प्रश्न विचारा. घराचा 'मॅन्युअल जे' हिशेब केलात का, म्हणजे कुठल्या खोलीला किती थंडावा लागतो याचा? आणि डक्टमधला स्थिर दाब मोजलात का? बरेच पंखे पाण्याच्या अर्ध्या इंचाएवढा दाब धरून बनवलेले असतात. आकडा त्याहून बराच वर असेल, तर अरुंद डक्टवर मोठं यंत्र बसवून आवाज तेवढा वाढेल. शिवाय ते खालचा मजला झटकन थंड करून बंद पडेल, दमटपणा तसाच राहील, आणि वरची खोली होती तशीच.